१२३४५६७८९० ची कुंडली : मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे काढावेत

मोठी संख्या समोर आली की नवखा माणूस सहसा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर ती कुठल्यातरी वेबसाइटच्या चौकटीत टाकतो आणि आलेलं उत्तर वहीत उतरवतो. नाहीतर कॅल्क्युलेटर घेऊन ७ ने भाग, ११ ने भाग असं करत सुटतो आणि शंभर-दीडशेच्या पुढे गेल्यावर नाद सोडतो. हा लेख या दोघांसाठी आहे. दहा अंकी संख्येचे मूळ अवयव, विभाजक, त्यांची बेरीज, वर्गांशी असलेलं नातं हे सगळं आठवी-नववीच्या गणितावर, कागद-पेन्सिल घेऊन, एका बैठकीत निघू शकतं. कामांचा क्रम तेवढा चुकता कामा नये.

उदाहरणाला १२३४५६७८९० घेऊ. कीबोर्डच्या वरच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं की ही तयार होते, त्यामुळे चाचणीचा फॉर्म भरताना अर्धं जग हीच संख्या टाकतं. दिसायला अगदी शिस्तीची, पण आत काय आहे ते वरून कळत नाही. शिकायला म्हणून हिच्याइतकी सोयीची संख्या मला तरी दुसरी सापडलेली नाही. कारण चौथ्या पायरीवर कळेल.

सुरू करण्याआधी वहीत दोन पानं आखून घ्या. संख्येचे गुणधर्म दोन जातींचे असतात. काही तिच्या अंगचेच असतात : तिला कशाने भाग जातो, ती पूर्ण वर्ग आहे का. संख्या देवनागरीत लिहा, रोमन अंकांत लिहा की संगणकाच्या शून्य-एकात लिहा, हे बदलत नाहीत. दुसरे गुणधर्म आपण दशमान पद्धत वापरतो म्हणून दिसतात : अंकांची बेरीज, प्रत्येक अंक एकदाच येणं, उलटं वाचणं. दोन्हींत मजा आहे, पण एकाच यादीत कोंबले की पुढे कशावरून काय सिद्ध होतं याचा पत्ता लागत नाही.

काय काय लागेल

- चौकटीची वही. आकडे एकाखाली एक नीट बसले पाहिजेत.
- बारा अंकी कॅल्क्युलेटर. आठ अंकीत ही संख्या मावतच नाही.
- ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१.
- १ ते १०० चे वर्ग. पाठ नसतील तर तक्ता जवळ ठेवा. चौथ्या पायरीत तो लागतो.
- शेवटच्या पडताळ्यासाठी, असल्यास, संगणक. आधी उघडू नका.

१. संख्या नीट लिहा, नीट वाचा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,२३,४५,६७,८९०. म्हणजे एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. मोठ्याने एकदा वाचा. अंक गळला असेल तर तो इथेच सापडतो.

या संख्येत एक खास घोटाळा होतो. १२३४५६७९ नावाची एक प्रसिद्ध संख्या आहे, तिच्यात ८ नाही. तिला ९ ने गुणलं की १११११११११ येतात आणि तिचे मूळ अवयव ३७ आणि ३३३६६७ आहेत. एक भागिले ८१ केलं की दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच अंक फिरून फिरून येतात, तिथूनही ती ओळखीची असते. इंटरनेटवरच्या 'अद्भुत गणित' छापाच्या चित्रांत आठाची आणि बिनआठाची संख्या सर्रास एकमेकींच्या जागी टाकलेली दिसते. आपल्या संख्येत आठ आहे. तपासून घ्या.

२. फुकटात मिळणारे अवयव आधी काढा

शेवटी ० आहे, म्हणजे २ आणि ५ आले. शेवटचे दोन अंक ९०, त्यांना ४ ने भाग जात नाही. म्हणून २ एकदाच. शेवटून दुसरा अंक ९ आहे, ० नाही आणि ५ ही नाही. म्हणून २५ ने भाग जात नाही आणि ५ सुद्धा एकदाच.

अंकांची बेरीज : १ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ + ९ + ० = ४५. पंचेचाळीसला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. पण ९ ने भाग गेल्यावर पुन्हा ३ ने जातो का हे बघायला लोक विसरतात, आणि बेरीज ४५ आहे म्हणून '२७ ने नाही' असं परस्पर ठरवून टाकतात. २७ साठी अंकांच्या बेरजेची कसोटी चालत नाही. ९ ने प्रत्यक्ष भागा आणि भागाकाराच्या अंकांची बेरीज बघा.

१२३४५६७८९० ÷ ९० = १३७१७४२१

१ + ३ + ७ + १ + ७ + ४ + २ + १ = २६. तीनने भाग नाही. म्हणजे आतापर्यंत २ × ३² × ५ हाती आलं आणि १३७१७४२१ उरली. दहा अंकांचं काम आठ अंकांवर आलं.

३. ७, ११ आणि १३ एकाच झटक्यात

७ × ११ × १३ = १००१. यावरून एक झटपट कसोटी मिळते : संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि त्यांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करा. जो आकडा येईल त्याला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला, तर मूळ संख्येलाही जातो.

१३ | ७१७ | ४२१ : ४२१ − ७१७ + १३ = −२८३

२८३ ला सातने भागलं तर बाकी ३, अकराने ८, तेराने १०. तिन्ही बाद.

इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते ती स्वल्पविरामांमुळे. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात, १,३७,१७,४२१ असे. कसोटी तीन-तीन अंकांच्या गटांची आहे. स्वल्पविराम बघून गट पाडलेत तर येणाऱ्या उत्तराला काहीच अर्थ नाही. म्हणून या पायरीआधी संख्या स्वल्पविराम न देता पुन्हा लिहून काढा.

४. १३७१७४२१ फोडायची कशी

इथेच बहुतेक लोक अडतात. सरधोपट उपाय असा की १७, १९, २३ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. कुठवर? वर्गमूळापर्यंत. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि थोडं. संख्या फुटणारी असेल तर तिचा निदान एक अवयव वर्गमूळाच्या आत असतोच, त्यामुळे त्यापुढे जायची गरज नाही. पण अलीकडे थांबायचीही सोय नाही. 'हजारापर्यंत बघितलं, काही नाही, म्हणजे मूळ असणार' हा निष्कर्ष इथे साफ चुकतो. पहिला अवयव ३६०० च्या पुढे आहे, आणि १७ पासून सुरुवात केली तर तो ४९८ व्या भागाकाराला सापडतो. हाताने पाचशे भागाकार कुणी करू नयेत.

म्हणून भागाकारांना हात घालण्याआधी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती चार-पाच पावलं करून बघायची. शाळेतलंच सूत्र आहे :

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब)

विषम संख्येचे दोन अवयव असतील तर दोन्ही विषमच असतात, त्यामुळे त्यांची सरासरी पूर्णांक येते. सरासरी म्हणजे अ, आणि दोघांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे ब. तेव्हा 'अवयव शोधा' या प्रश्नाऐवजी 'असा अ शोधा की अ² मधून आपली संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरेल' हा प्रश्न घ्यायचा. अ वर्गमूळाहून मोठा असणार, म्हणून वर्गमूळाच्या लगतच्या पुढच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची.

३७०४² = १३७१९६१६. यातून १३७१७४२१ वजा केले, उरले २१९५. हा वर्ग आहे का? वर्गमूळ काढत बसू नका. पाचाने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो. हा ९५ ने संपतो. बाद.

३७०५² = १३७२७०२५. वजाबाकी ९६०४. दहा हजारातून चारशे वजा, अधिक चार. म्हणजे १०० − २ चा वर्ग. ९८².

झालं. १३७१७४२१ = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८)(३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

पाचशे भागाकारांचं काम दोन पावलांत आटोपलं. ही संख्या शिकायला सोयीची का, याचं कारण हेच : तिचे दोन मोठे अवयव एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे त्यांची सरासरी वर्गमूळाला जवळजवळ चिकटून आहे.

पिएर द फर्माने १६४३ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात याच रीतीने २०२७६५१२८१ ही संख्या फोडून दाखवली होती : ४४०२१ × ४६०६१. वर्गमूळ ४५०२९ आणि थोडं, अ सापडला ४५०४१ ला, म्हणजे बाराव्या पावलाला. पण याच्या जवळपास तीनशे वर्षं आधी, १३५६ मध्ये, नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त अवयव काढण्याची जी रीत दिली आहे ती मुळात हीच आहे, आणि हाताने करायला मला ती जास्त आवडते. दरवेळी नवा वर्ग काढावा लागत नाही. रीत अशी :

वर्गमूळाचा पूर्णांक भाग ३७०३. त्याचा वर्ग १३७१२२०९. संख्येतून तो वजा केला, शेष ५२१२. आता वर्गमूळाची दुप्पट अधिक एक, म्हणजे ७४०७, त्यातून शेष वजा : २१९५. वर्ग नाही. तर त्यात पुढची विषम संख्या मिळवा, ७४०९ : ९६०४. वर्ग आहे. वर्ग सापडेपर्यंत ७४११, ७४१३ अशा दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या मिळवत जायचं. नुसत्या बेरजा.

या युक्तीच्या मर्यादाही माहीत हव्यात. अवयव एकमेकांपासून दूर असतील तर ती भागाकारांहून वाईट. म्हणून माझा नियम असा : आधी लहान मूळ संख्यांनी भागून बघा, मग फर्माची दहा-वीस पावलं करा, जमलं नाही तर मुकाट्याने भागाकारांकडे वळा किंवा संगणक उघडा. दुसरी सूचना : लहान अवयव बाहेर काढल्याशिवाय फर्माला हात लावू नका. मुळातली १२३४५६७८९० दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिताच येत नाही, कारण तिला ४ ने भागलं की बाकी २ उरते आणि वर्गांच्या फरकाची बाकी कधीही २ नसते. तिच्यावर ही रीत लावली तर जन्मभर पावलं टाकत राहाल.

जाता जाता : बँकेच्या वेबसाइटपासून ईमेलपर्यंत अनेक ठिकाणी वापरली जाणारी आरएसए ही सांकेतिक पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ निवडल्या गेल्या तर कुलूप फर्माच्या युक्तीने उघडतं. २०२२ मध्ये काही ऑफिस-प्रिंटरांनी तयार केलेल्या किल्ल्या नेमक्या अशाच फुटल्या होत्या.

५. ३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का

हे परस्पर गृहीत धरू नका. फर्मा दोन अवयव देतो, ते मूळ असतील अशी हमी देत नाही. ३६०७ चं वर्गमूळ ६० च्या किंचित पुढे, ३८०३ चं ६१ च्या पुढे. म्हणजे पहिल्यासाठी ५९ पर्यंत आणि दुसऱ्यासाठी ६१ पर्यंत भागून बघायचं. २, ३, ५, ७, ११, १३ वर झालेच आहेत (आख्ख्या १३७१७४२१ ला भाग जात नाही, तर तिच्या अवयवांना कुठून जाणार), त्यामुळे १७ पासून सुरू करा. अकरा-बारा भागाकार प्रत्येकी. ३६०७ च्या बाबतीत दोनदा जीव वरखाली होतो : १७ आणि ५३, दोन्हींनी बाकी फक्त ३ उरते, कारण ३६०४ = ४ × १७ × ५३. ३८०३ ला १९ ने बाकी ३ आणि २९ ने ४. भाग मात्र कशानेच जात नाही. दोन्ही मूळ.

६. पडताळा

१२३४५६७८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३

पूर्ण गुणाकार करण्याआधी नवाचा आणि अकराचा पडताळा घ्या. ३६०७ च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे १ + ६ = ७. ३८०३ ची १४, म्हणजे ५. सात पाचा पस्तीस, म्हणजे ८. इकडे १३७१७४२१ ची बेरीज २६, म्हणजे ८. जुळलं. अकरासाठी उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे : ३६०७ चे १०, ३८०३ चे ८, गुणाकार ८०, अकराने भागून बाकी ३. इकडे १३७१७४२१ चे −८, त्यात अकरा मिळवले की ३. जुळलं.

नुसत्या नवाच्या पडताळ्यावर विसंबू नका. दोन अंकांची अदलाबदल ही लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती नवाच्या पडताळ्याला दिसत नाही. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराचा पडताळा पकडतो. 

७. अवयवांतून बाकीचं सगळं

अवयव हातात आले की पहिलं पान भराभर भरतं.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार : २ × ३ × २ × २ × २ = ४८. नवखे लोक ३² चा घातांक विसरून ३२ लिहितात.

विभाजकांची बेरीज : ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३२११६१०६८८. यातून संख्या स्वतः वजा केली तर १९७७०४२७९८ उरतात. हे संख्येहून जास्त, म्हणून ती विपुल संख्या. खरं तर एवढं गणित करायचीही गरज नव्हती. ६ ही परिपूर्ण संख्या आहे (स्वतः सोडून तिच्या विभाजकांची बेरीज बरोबर तेवढीच : १ + २ + ३ = ६), आणि परिपूर्ण संख्येची कुठलीही मोठी पट विपुलच असते. आपल्या संख्येला सहाने भाग जातो हे दुसऱ्या पायरीलाच कळलं होतं.

ऑयलरचं फाय, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असणाऱ्या संख्या किती : १ × ६ × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२९०४०२८८. इथे ३² साठी ६ येतो, ४ नाही. प्रत्येक मूळ अवयवातून सरसकट एक वजा करणारे इथे घसरतात.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नाही. ३६०७ आणि ३८०३ दोन्हींना ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि दोन्ही एकेकदाच आल्या आहेत. अशा मूळ अवयवाचा घातांक विषम असला की दार बंद. तीन वर्गांची बेरीज म्हणून मात्र येते. ८ ने भागून बाकी ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांच्या ४, १६, ६४ वगैरे पटी एवढ्यांनाच ते जमत नाही. आपली बाकी २.

त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १ + २ + ३ + … अशी बेरीज करत तिथे पोचता येतं का? आठपट करून एक मिळवा, उत्तर वर्ग आलं तर हो. ८ × १२३४५६७८९० + १ = ९८७६५४३१२१. वर्गमूळ ९९३८० आणि ९९३८१ यांच्या मध्ये. नाही. पण ही आठपट बघून ठेवा, नवव्या पायरीत लागणार आहे.

८. दुसरं पान : अंकांचे गुणधर्म

० ते ९ हे सगळे अंक एकेकदाच येणाऱ्या दहा अंकी संख्या ३२६५९२० आहेत. सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५, म्हणून सगळ्यांना ९ ने भाग जातो आणि त्यांत मूळ संख्या एकही नाही. आपली त्यांच्यात सर्वांत लहान मात्र नाही. सर्वांत लहान १०२३४५६७८९. हा प्रश्न स्पर्धा परीक्षांत फार आवडीने विचारतात आणि घाईत लोक १२३४५६७८९० वर खूण करतात.

या पानावर देवळालीचे कापरेकर मास्तर आलेच पाहिजेत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी अंकांचं एक स्वतंत्र दालनच उघडलं. त्यांच्या तीन कसोट्या आपल्या संख्येला लावून बघू.

पहिली, हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो का? १२३४५६७८९० ÷ ४५ = २७४३४८४२. जातो. हर्षद.

दुसरी, स्वयंभू संख्या : एखाद्या लहान संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ही संख्या तयार होते का? होत नसेल तर ती स्वयंभू, होत असेल तर तिला जनक आहे. जनक आंधळेपणाने शोधू नका. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, त्यामुळे जनकाच्या अंकांची बेरीजही नवाच्या पटीतच असणार. म्हणजे ९, १८, २७ असं मागे मागे जात बघायचं. ४५ मागे गेल्यावर १२३४५६७८४५ येते, तिच्या अंकांची बेरीज बरोबर ४५. जनक सापडला. स्वयंभू नाही.

तिसरी, ज्यातून १९४९ मध्ये ६१७४ निघाली ती प्रसिद्ध क्रिया : अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा हेच करत राहा.

९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१

आता उत्तराचे अंक बघा. पुन्हा ० ते ९ सगळे, एकेकदाच. म्हणजे पुढच्या वेळी तीच वजाबाकी आणि तेच उत्तर. चार अंकी संख्यांना ६१७४ वर पोचायला सात पावलंसुद्धा लागू शकतात, ही पहिल्याच पावलाला मुक्कामी पोचते. दहा अंकांत मुक्काम एकच नाही, ६३३३१७६६६४ आणि ९९७५०८४२०१ ही आणखी दोन ठिकाणं आहेत. चढत्या क्रमाच्या संख्येतलं पुढचं शून्य गाळू नका आणि एककाचे स्थान बरोबर एकाखाली एक घ्या, नाहीतर वजाबाकी भलतीच होते.

द्विमान पद्धतीत ही संख्या १०० १००१ १००१ ०११० ०००० ००१० ११०१ ००१०. दोनने भागत जायचं आणि बाक्या खालून वर वाचायच्या. वरून खाली वाचल्या की सगळं उलटं. ३१ अंक, त्यांत १२ एक. दशमानातली सगळी शिस्त इथे गायब झालेली दिसेल. पण संगणकवाल्यांच्या जगात या संख्येला एक जन्मवेळही आहे. युनिक्स घड्याळ १९७० च्या १ जानेवारीपासून सेकंद मोजतं. ते १२३४५६७८९० वर आलं तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार १३ फेब्रुवारी २००९, रात्रीचे ११ वाजून ३१ मिनिटं ३० सेकंद झाले होते. भारतात १४ तारखेची पहाट उजाडायची होती, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद.

९. शेजारीपाजारी

संख्या एकटी बघू नका. १२३४५६७८९१ ही लगतची पुढची संख्या मूळ आहे, आणि ते सिद्ध करायला आपण आत्ता काढलेले अवयवच उपयोगी पडतात. एदुआर लुकास याच्या १९ व्या शतकातल्या कसोटीला 'संख्या उणे एक' चे सगळे मूळ अवयव लागतात, म्हणजे नेमके आपले २, ३, ५, ३६०७, ३८०३. अवयव न काढता कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवायची रीत थेट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. शिवाय १ भागिले १२३४५६७८९१ केलं तर दशांशातले अंक जितक्या जागांनंतर पुन्हा सुरू होतात, ती लांबी आपल्या ४८ विभाजकांपैकीच एक असणार.

दुसरी शेजारीण ९८७६५४३२१०. दोघींचा मसावि काढा, पण अवयवांनी नाही, भागाकाराने. सातव्या पायरीतली आठपट आठवा : ९८७६५४३२१० = ८ × १२३४५६७८९० + ९०. बाकी ९०, आणि १२३४५६७८९० ला ९० ने पूर्ण भाग जातो. मसावि ९०. एका भागाकारात संपलं. मसाविसाठी अवयव पाडायची शाळेतली सवय मोठ्या संख्यांना सोडा. युक्लिडची रीत कितीतरी पटींनी स्वस्त पडते.

१०. आता संगणक उघडा

लिनक्सवर फॅक्टर ही आज्ञा आणि पुढे संख्या दिली की डोळ्याची पापणी लवायच्या आत अवयव येतात. तुमच्या वहीशी जुळवा. स्प्रेडशीट वापरत असाल तर तीन गोष्टी सांभाळा. रकाना अरुंद असला की १.२३ई+०९ असं काहीतरी दिसतं. संख्या बदललेली नसते, रकाना रुंद करा. बाकी काढण्याचं सूत्र एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत मोठ्या संख्येला लहान भाजक दिला की चूक दाखवतं. आणि पंधरा अंकांपलीकडची संख्या टाकलीत तर पुढचे अंक न सांगता शून्य होतात, मग तिचे अवयव म्हणून जे निघेल ते दुसऱ्याच संख्येचं. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एकच तिरकी रेघ दिली की दशांश अपूर्णांक येतो आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन तिरक्या रेघा द्या.

सरावाला ९८७६५४३२१० घ्या. ९० बाहेर काढल्यावर १०९७३९३६९ उरेल. तिच्यावर थेट फर्मा लावलात तर दोन्ही अवयव एकाहून मोठे असलेली पहिली जोडी सापडायला १,७९,५३० पावलं लागतील, म्हणून तिसऱ्या पायरीनंतर तिकडे धावू नका. यादीतल्या १३ च्या पुढच्या मूळ संख्येने भागा, आणि भाग गेला की त्याच संख्येने आणखी एकदा भागून बघा.